तेहतीस कोटींची बाकी

कोसंबखेड्याच्या शाळेवर येऊन बापूजी चिंतलवार गुरुजींना एकोणीस वर्षं झाली होती, आणि या गावात आपल्याशी बोलण्याच्या लायकीचा एकही माणूस नाही, हे पहिल्याच आठवड्यात बनवलेलं मत त्यांना एकदाही बदलावं लागलं नव्हतं. पाटलाला धानापलीकडचं काही कळत नव्हतं, तलावात जाळं टाकणाऱ्यांना मासोळीपलीकडचं, आणि जंगलखात्याच्या नाकेदाराला तर स्वतःच्या मिशीपलीकडचं. गुरुजी पडले चांद्याचे, तेही परकोटाच्या आतले. परकोटाच्या आत जन्मलेल्या माणसाला भिंतीबाहेरचं सगळं जग जरा ओबडधोबडच दिसतं. त्यात कोसंबखेडा म्हणजे मूल गावच्या स्टेशनापासून बैलांच्या खाचराने अर्ध्या दिवसाची वाट. शाळेतली मुलं त्यांना एकमेकांपासून वेगळी ओळखूसुद्धा येत नसत. सगळी सारखीच, शेंबडी आणि घाबरलेली.

माणसांचं असं झाल्यावर गुरुजींनी आकड्यांकडे मोर्चा वळवला होता. आकड्यांतही सगळ्यांवर त्यांची मर्जी नव्हती. बारा, चोवीस, साठ असले आकडे त्यांना बाजारबुणगे वाटत. कुणीही यावं आणि त्यांचे सारखे वाटे करून न्यावेत. त्यांना आवडत मूळ संख्या. सात, अकरा, एकतीस. ज्यांना एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कशानेच पुरता भाग जात नाही, काहीतरी उरतंच, अशा. कुणाच्या बापाला दाद न देणाऱ्या. गुरुजींना त्यांच्यात आपलीच जात दिसे.

आणि त्या मूळ संख्यांमध्ये त्यांना एक नियम सापडला होता. एकतीस मूळ. तीनशे एकतीस मूळ. तीन हजार तीनशे एकतीस, तीही मूळ. तिनांची रांग लावत जायची आणि शेवटी एक ठेवायचा, की झाली मूळ संख्या तयार. अशा सात संख्या त्यांनी ओळीने तपासल्या. सातवी आठ आकडी होती. तिच्यासाठी साडेसातशेवर भागाकार त्यांनी स्वतःच्या हाताने केले, दोन वर्षं लागली, बोटाला घट्टा पडला, पण कुठेच बाकी शून्य आली नाही. त्या कामाबद्दल गुरुजींचं कौतुकच करायला हवं, आणि ते स्वतः करतही असत.

आठवी संख्या मात्र नऊ आकडी निघाली. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. ती मूळ आहे हे दाखवायचं तर अठरा हजारांपर्यंतच्या एकूण एक मूळ संख्येने तिला भागून पाहायला हवं, म्हणजे दोन हजारांवर भागाकार. पण एव्हाना गुरुजींची नियमाबद्दल खात्री पटलेली होती. सात वेळा जे झालं ते आठव्या वेळी होणारच. भागाकार फक्त लोकांच्या तोंडावर मारण्यासाठी हवे होते. आणि असल्या हमालीसाठी वर्गात चाळीस हात रिकामे बसलेले होते.

तेव्हापासून कोसंबखेड्याच्या शाळेत शिक्षा म्हणजे भागाकार. उशिरा आला, एक भागाकार. पाटी विसरला, एक. धानाच्या रोवण्याला घरच्यांनी ठेवून घेतला, तर दोन. गुरुजी यादीतला पुढचा भाजक फळ्यावर लिहीत, पोरगं घरी जाऊन तेहतीस कोटींना त्याने भागे आणि दुसऱ्या दिवशी बाकी सांगे. नाही जमलं तर छडी होतीच. बाकी एका जाड रजिस्टरात चढे. त्यातही गुरुजींची एक रीत होती: लहान भाजक मठ्ठांना द्यायचे आणि मोठे हुशारांना.

पहिले सहा, दोनपासून तेरापर्यंत, गुरुजींनी स्वतःच तोंडी उडवून लावले. मग त्यांना जांभई आली. पुढचा होता सतरा. वर्गात सगळ्यांत मठ्ठ कोण, याचा विचार करायची गरजच नव्हती. ती जागा लटारूची होती. लटारू म्हणजे तलावावरच्या इस्तारीचा मुलगा, अंगाला कायम मासोळीचा वास, आणि बाराचा पाढा म्हणताना बारा सक बहात्तरपाशी हटकून अडकणारा. सतरा त्याच्या वाट्याला आला. दुसऱ्या दिवशी तो पाटी छातीशी धरून उभा राहिला.

“काय उरलं?” गुरुजींनी रजिस्टर उघडत विचारलं.

“काईच नाई उरलं, जी.”

गुरुजींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पाटीकडे नाही पाहिलं. पाटीकडे कशाला पाहायचं? ज्याला बाराचा पाढा येत नाही, त्याने सतराने नऊ आकडी संख्या भागली आणि ती बरोबर सुटली म्हणे! आळशी पोरांना बाकी काढायचा कंटाळा आला की ती शून्य लिहितात, हे गुरुजी या शाळेतल्या तेव्हाच्या अकरा वर्षांच्या अनुभवावरून जाणून होते.

“तुझ्या डोक्यात आहे तेच पाटीवर उतरलंय,” ते म्हणाले. वर्ग हसला. मग दोन छड्या तळहातावर बसल्या. “बाकी घेऊन ये. बाकी आणल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही.”

दोन दिवस लटारू आलाच नाही. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर उभा राहून म्हणाला, “चार उरले, जी.”

“आता कसा आला ताळ्यावर!” गुरुजींनी सतरासमोर चार लिहिले. पाटी त्यांनी तेव्हाही पाहिली नाही. आणि त्या दिवसापासून कोसंबखेड्याच्या शाळेत शून्य बाकी आणायची कुणाचीच छाती झाली नाही.

असे आठ वर्षं भागाकार झाले. पोरं मोठी झाली, शाळा सोडून नांगराला आणि जाळ्याला लागली, त्यांच्या जागी त्यांचे धाकटे भाऊ भागाकार करायला आले. गंमत अशी की गावाला आकड्याचा लळा लागला. तेहतीस कोटी म्हटल्यावर लोकांना दुसरं काय सुचणार? देवांचा आकडा! “तेहतीस कोटी देव, अन् वरचे आपुन,” असं देवाजी पाटील चावडीवर सांगे. ज्याला त्याला आपापला भाजक पाठ होता. देवाजीची गोकुळा वर्गातली एकटी मुलगी. तिला बघायला आले तेव्हा सासऱ्याने विचारलं, पोरगी शिकली काय? तर देवाजी छाती फुगवून म्हणाला, “सातशे एकोणसत्तरानं भाग देते, अन् दोनशे चौऱ्यांशी उरोते!” लग्न जमलं. गुरुजींना हे सगळं ऐकून किळस येई. आपण गणित करतो आहोत आणि ही माणसं त्याला शेंदूर फासताहेत.

सत्तावन्नच्या दिवाळीत शेवटचा भागाकार झाला आणि रजिस्टर भरलं. गुरुजींनी तसं चांद्याला कळवलं, आणि लगोलग पत्रही आलं: जानेवारीत चांद्याला शिक्षकांचं संमेलन भरणार होतं, अध्यक्ष म्हणून नागपूरचे एक निवृत्त गणिताचे प्रोफेसर येणार होते, आणि चिंतलवार गुरुजींनी आपला शोध वाचून दाखवावा, अशी विनंती होती. विनंती! गुरुजींनी ते पत्र अकरा वेळा वाचलं. आता आकडा मूळ ठरला की नियम खरा ठरणार, आणि नियम खरा ठरला की चिंतलवार हे कोसंबखेड्याच्या कुणा मास्तराचं नाव राहणार नव्हतं. एकोणीस वर्षं ज्या चिखलात काढली, त्यातून आकड्याला धरून ते बाहेर पडणार होते. नाहीतर आणखी सहा वर्षांनी पेन्शन, आणि लोक म्हणणार, होते बुवा एक, पोरांना फार मारायचे.

निघायच्या दिवशी सगळं गाव तलावाच्या पाळीवर गोळा झालं. खाचर जुंपलेलं होतं. बायांनी कुंकू लावलं, गोकुळा माहेरी आलेली होती तिने ओवाळलं. जो तो पुढे येऊन आपला भाजक सांगत होता, जणू प्रोफेसर त्याचीच चौकशी करणार होते. “माह्या नऊशे सत्याण्णव सांगजा, गुरुजी!” “माह्या भावाचा तेराशे एक!” गुरुजी ओठ दाबून मान हलवत होते. यांना वाटतं शोध यांनी लावला.

सगळ्यांच्या मागून लटारू आला. आता बावीस वर्षांचा बाप्या, खांद्यावर ओलं जाळं. त्याने आवाज खाली आणला, पण पाळीवर सगळ्यांना ऐकू गेलंच.

“गुरुजी, येक सांगाचं होतं. थ्या माह्या सतराचं. थे चार मी असेच लिवले होते. मले तं काईच उरत नोव्हतं.”

“आठ वर्षांनी आठवलं होय?”

“आठोत तं होतंच जी. भेव लागे.”

“लटारू,” गुरुजी खाचरात चढत म्हणाले, “तू मासे मोज. तेही कुणाला तरी सोबत घेऊन मोज.” लोक हसले, लटारूही हसला, आणि खाचर निघालं.

मूलला छोट्या आगगाडीत त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. समोर एक म्हातारा बोरं खात होता आणि बिया खाली टाकत होता. गुरुजींनी तोंड फिरवलं. आपल्या भाषणात थोडा विनोद असावा, असं त्यांना वाटलं. पहिल्या भाजकाला पोरगं कसं शून्य घेऊन आलं ते सांगितलं, तर प्रोफेसर हसतील. मग खरी बाकी किती येते तेही सांगता येईल. लटारूचे चार त्याच्यासारखेच चुकीचे असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी भाषणाचा शेवटचा कागद उलटा केला आणि पेन्सिल काढली.

सतरा एके सतरा, उरले सोळा. एकशे त्रेसष्ट, सतरा नव्वे त्रेपन्नासे, उरले दहा. गाडी डुलत होती, आकडे वाकडे येत होते. एकशे तीन. तेरा. एकशे तेहतीस. एकशे त्रेचाळीस. त्र्याहत्तर. शेवटचा एक खाली घेतला तेव्हा एक्कावन्न झाले. सतरा त्रिक एक्कावन्न.

उरलं काहीच नाही.

गाडी डुलते म्हणून चुकलं असेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा, गाडी स्टेशनात उभी असताना. मग उलटा गुणाकार केला. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस गुणिले सतरा. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तेरापर्यंत त्यांनी स्वतः केले होते. त्याच्या पुढचाच. दोन मिनिटांचं काम. आठ वर्षं, दोन हजार भागाकार, शेकडो छड्या, आणि जांभई आली नसती तर पहिल्याच दिवशी सगळं संपलं असतं.

पहिल्यांदा त्यांना राग आला तो लटारूचा. मूर्ख! बरोबर होतं तर हट्ट का नाही धरला? दोन छड्यांत चार लिहून मोकळा झाला! कणा म्हणून नाही या लोकांना. हा राग त्यांना चांगला तासभर पुरला. मग चांद्याचा परकोट दिसायला लागला आणि तोही पुरेनासा झाला.

उतरून पुढच्या गाडीने परत फिरता आलं असतं. उभं राहून, नियम आठव्या संख्येला फसतो, असं सांगताही आलं असतं. तोही शोधच झाला असता, आणि खरा. गुरुजींना हे कळत होतं. पण असल्या शोधाबद्दल कुणी शाल देत नाही.

संमेलनाला दोनशे मास्तर होते. गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी लिहून आणलेलं सगळं वाचलं, अक्षरसुद्धा न बदलता. आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. “या संख्येला कोणत्याही संख्येने भाग जात नाही,” ते म्हणाले, आणि थांबले. गरजेपेक्षा जास्त थांबले. फळ्यावर आकडा उघडा पडलेला होता. दोनशे माणसं, सगळी गणित शिकवणारी, प्रत्येकाच्या खिशाला टाक. एकाने फक्त पाढे म्हणत सतरापर्यंत जायचं होतं. तिसऱ्या रांगेत एक जण मान खाली घालून भराभर लिहीत होता. पकडले गेलो असं गुरुजींना वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. मग त्या इसमाने कागद शेजाऱ्याला दाखवला. बदलीचा अर्ज होता.

टाळ्या झाल्या. प्रोफेसरांनी डोळे उघडले, असल्या जंगलात राहून ही तपश्चर्या म्हणजे धन्य आहे म्हणाले, आणि रजिस्टराचं वजन हातात घेऊन पाहिलं. पान उलटलं नाही. शाल आणि नारळ दिला. गुरुजी खुर्चीवर बसून त्या सभागृहाकडे पाहत राहिले. आयुष्यभर ज्या चांद्याच्या लोकांत परत यायचं म्हणून ते झुरले, ते हे. गाढवं. न बघता मान डोलावणारी, न मोजता टाळ्या पिटणारी गाढवं. आणि या दोनशेएकांत सगळ्यांत मोठं कोण, हे ठरवायला भागाकाराची गरज नव्हती. पाटी न बघता छडी मारणारा त्यांना चांगलाच ठाऊक होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी खाचर कोसंबखेड्याच्या पाळीवर आलं, तर तिथे अख्खं गाव. बातमी आधीच पोचली होती. ढोल होता, देवाजी पाटील नवं धोतर नेसला होता, गोकुळा हात जोडून उभी होती. “देवाचा आकडा पास झाला!” कुणीतरी ओरडलं. शाल हातोहात फिरली, प्रत्येकाने तिला हात लावून पाहिला. त्या गर्दीत गुरुजी एकच तोंड शोधत होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना या गावातलं एक तोंड ओळखून काढायचं होतं.

लटारू खाली पाण्यात होता, कमरेइतक्या, जाळं गोळा करत. गुरुजी वहाणा काढून चिखलातून कडेपर्यंत गेले. येताना खाचरात त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं: आधी दरडावायचं, नाही ऐकलं तर पाटलाकरवी दटावायचं.

“कुणाला बोललास का?”

“काय जी?”

“ते सतराचं.”

लटारूने जाळ्यातून एक मरळ सोडवून टोपलीत टाकली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुमी करून पाह्यला वाट्टे.”

गुरुजींनी पायाखालच्या चिखलाकडे पाहिलं.

“मंग सुटला असंन,” लटारू म्हणाला. “सतरा त्रिक एक्कावन्न.” तो कुठेही अडकला नाही. “मी घरी कितीकदा केला, जी. जमिनीवर कोयशानं. दर खेपी सुटे.”

“मग... आता सांगशील सगळ्यांना.” दरडावायचं राहूनच गेलं, त्यांचा आवाज विनवल्यासारखा निघाला, आणि तो स्वतःच्या कानांनी ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“म्या कायले सांगू?” लटारूने वर पाळीकडे पाहिलं. तिथे ढोल चालू होता आणि गोकुळा आपल्या पोराला शाल दाखवत होती. “थ्या आकड्यापायी साऱ्या गावानं मार खाल्ला, गुरुजी. गोकुळाबाईचं येक बोट अजून सीधं होत नाई. तिले काय सांगू, फुकट खाल्ला मनून?”

गुरुजींना लाज वाटली. राग नाही, अपमान नाही, निव्वळ लाज, आणि तीसुद्धा या माणसासमोर, ज्याच्या अंगाला मासोळीचा वास येत होता. लटारूने जाळं पुन्हा खांद्यावर घेतलं.

“तुमी जा वर, लोक वाट पाहून राह्यले,” तो लहान पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाला. “भेऊ नका. कोनी इचारलंच तं मी चारच सांगीन.”